चंद्रावरचे तीन हर्शल

मराठी जन्मपत्रिकेत रवीपासून केतूपर्यंतचे नऊ ग्रह संपले, की खाली बहुधा आणखी तीन नावं असतात: हर्शल, नेपच्यून, प्लूटो. यातली शेवटची दोन इंग्रजीतही त्याच नावांनी ओळखली जातात. पहिल्याचं तसं नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलाने "हर्शल म्हणजे कोणता ग्रह?" असं विचारलं, तर आपल्याला "अरे, तुमचा युरेनस" असं सांगावं लागतं. हिंदीत त्याला अरुण म्हणतात. मराठीत मात्र पंचांगवाल्यांनी आणि ज्योतिषांनी त्याला हर्शल म्हटलं, काहींनी हर्षल असं आणखी आपलंसं करून लिहिलं, आणि ते नाव टिकलं.

हर्शल हे एका जर्मन कुटुंबाचं आडनाव. ग्रहाचं नाव म्हणून ते बाकीच्या जगाने सोडून दिलं. चंद्रावर मात्र ते आजही आहे, आणि एकदा नव्हे, तीनदा आहे. ही तीन विवरं कुणाची, त्यांची नावं अशी का लिहिली जातात, आणि त्या नावांमागे कुणाचे किती कष्ट आहेत, हे पाहिलं तर परदेशी स्थायिक झालेल्या एका घराची तीन पिढ्यांची गोष्ट हाती लागते.

चंद्रावरच्या विवरांना विद्वानांची नावं देण्याची पद्धत इटलीतला पाद्री रिच्चोली याने १६५१ साली छापलेल्या नकाशापासून रूढ झाली. रिवाज असा, की फक्त आडनाव द्यायचं: न्यूटन, केप्लर, रामन, साराभाई. एकाच आडनावाचे दोघं-तिघं निघाले की अडचण येते. ती दोन तऱ्हांनी सोडवलेली दिसते. कधी एकच विवर सगळ्यांच्या नावे केलं जातं. कॅसिनी हे विवर बाप आणि लेक अशा दोन कॅसिनींचं आहे, बर्नुली दोघा भावांचं आहे, आणि स्ट्रूव्ह हे एका घराण्यातल्या तीन खगोलशास्त्रज्ञांचं. कधी मात्र प्रत्येकाला वेगळं विवर देऊन आडनावाआधी आद्याक्षर लावतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेचे बाँड पितापुत्र चंद्रावर डब्ल्यू. बाँड आणि जी. बाँड म्हणून वेगळे नांदतात.

हर्शल घराण्याला दुसरा नियम लागला, पण अर्धवट. नुसतं 'हर्शल' हे विवर विल्यमचं, म्हणजे युरेनस शोधणाऱ्याचं. चंद्राच्या दर्शनी बाजूच्या जवळजवळ मध्यावर, टॉलेमियस या मोठ्या वर्तुळाच्या उत्तर काठाला लागून ते आहे. व्यास सुमारे ४० किलोमीटर, कडा ठळक, मध्यभागी डोंगर. 'जे. हर्शल' हे त्याचा मुलगा जॉन याचं. ते पार उत्तरेला आहे, दीडशे किलोमीटरहून रुंद, पण फार जुनं आणि झिजलेलं. 'सी. हर्शल' हे विल्यमची बहीण कॅरोलाइन हिचं. मेअर इंब्रियम, म्हणजे वर्षासागर, या काळसर लाव्हाच्या मैदानात पश्चिमेकडे ते एकटंच आहे. व्यास सुमारे १३ किलोमीटर.

यात एक गंमतही आहे. मोठ्या विवराच्या आसपासच्या लहान विवरांना त्याच नावापुढे एकेक अक्षर लावून ओळखायची पद्धत आहे. त्यामुळे चंद्रावर 'हर्शल सी' नावाचंही एक विवर आहे. ते विल्यमच्या विवराजवळचं एक किरकोळ खळगं. 'सी' आडनावाच्या मागे आला की ते भावाच्या विवराचं उपविवर आणि पुढे आला की ते बहिणीचं स्वतंत्र विवर. कॅरोलाइनच्या आयुष्यातही नेमका हाच प्रश्न होता. ती भावाच्या नावामागचं एक अक्षर, की स्वतःच्या नावाची खगोलशास्त्रज्ञ?

आधी आडनावाकडे पाहू. आपल्याकडे 'कर' लागलेलं आडनाव गाव सांगतं. हर्शल हे नाव जर्मन भाषेतल्या हरणाच्या शब्दाशी, 'हिर्श'शी जोडलं जातं, आणि त्या रूपातली नावं जर्मन ख्रिस्ती आणि ज्यू अशा दोन्ही घरांत आढळतात. कुटुंबातली आठवण अशी, की पूर्वज प्रॉटेस्टंट होते आणि धर्माच्या जाचामुळे सतराव्या शतकात मोराव्हिया सोडून सॅक्सनीत आले. विल्यमचा पणजोबा ड्रेस्डेनजवळच्या पिर्ना गावात बीअर गाळत असे. आजोबा बागा आखायचा. वडील आयझॅक यांनी बागकाम सोडून वाद्य हातात घेतलं आणि हॅनोव्हरच्या लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायला लागले. म्हणजे घराला स्थलांतर नवं नव्हतं, आणि बापाचा धंदा सोडून दुसरा धरणंही नवं नव्हतं.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८चा. तेव्हा त्याचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म. तोही बापामागोमाग बँडमध्ये शिरला. १७५७च्या उन्हाळ्यात हास्टेनबेकच्या लढाईत हॅनोव्हरची बाजू फ्रेंचांपुढे हरली, आणि त्याच वर्षी हा एकोणीस वर्षांचा मुलगा थोरल्या भावाबरोबर इंग्लंडला निघून गेला. त्या वेळी इंग्लंडचा राजा हाच हॅनोव्हरचाही सत्ताधीश होता, त्यामुळे जाणं-येणं सोपं होतं. तरी खिशात काही नव्हतं. लंडनमध्ये त्याने स्वरलिपीच्या नकला करून पोट भरलं. मग उत्तर इंग्लंडात वाद्यवृंद, शिकवण्या, मैफिली, आणि १७६६ साली बाथ या श्रीमंतांच्या गावी ऑक्टागन चॅपेलमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी. विल्हेल्मचा विल्यम झाला. आडनाव तसंच राहिलं.

घरी हॅनोव्हरला धाकटी बहीण होती. कॅरोलाइन लुक्रेशिया, जन्म १६ मार्च १७५०. लहानपणी तिला देवी आल्या. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि तिची वाढच खुंटली. पुढे आयुष्यभर तिची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास राहिली. हिचं लग्न व्हायचं नाही, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं. वडील चोरून थोडं व्हायोलिन शिकवायचे, आकाशातले तारे दाखवायचे. आईचा मात्र विरोध होता. मुलीने घरकाम करावं, विणावं, बस. या विरोधामागचं कारण कॅरोलाइनने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत दिलं आहे. आईची पक्की समजूत होती, की मुलं थोडी कमी शिकली असती तर परदेशी गेली नसती. विल्यम परत आला असता.

हे वाचून आपल्यापैकी अनेकांना आपलं घर आठवेल. सांगली-साताऱ्याच्या किती आयांनी हेच शब्द मनातल्या मनात उच्चारले असतील. हॅनोव्हरच्या आईचा राग मुलांवर निघाला नाही, कारण ती निघून गेली होती. तो घरी राहिलेल्या मुलीवर निघाला.

१७७२च्या ऑगस्टमध्ये विल्यम स्वतः आला आणि बहिणीला घेऊन गेला. आईला तिच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून त्याने सालिना पैसे द्यायचं कबूल केलं. कॅरोलाइन बाविशीत बाथला पोचली तेव्हा तिला इंग्रजी जेमतेम येत होतं. न्याहारीच्या वेळी भाऊ तिला इंग्रजी आणि हिशेब शिकवी. काही आठवड्यांतच तिला एकटीला बाजारात पाठवायला सुरुवात झाली. कोळणी, खाटीक, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका यांच्या गलक्यात ती घाबरून जाई आणि हाताला लागेल ते घेऊन परते. दुसरा भाऊ अलेक्झांडर तेव्हा बाथलाच होता. तो तिला न कळत दुरून मागे राही आणि ती घराच्या वाटेला लागली की मगच निघून जाई. हे तिने नंतर लिहून ठेवलं. परक्या गावात पहिल्यांदा एकट्याने दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही ते वाचताना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही.

ती आली होती गायला. विल्यमने तिला शिकवलं, आणि हॅन्डेलच्या 'मसाया'सारख्या रचनांत ती मुख्य गायिका म्हणून उभी राहू लागली. १७७८ साली बर्मिंगहॅमच्या उत्सवात गाण्याचं बोलावणं आलं. तिने नाकारलं. भावाच्या संचालनाखालीच गायचं, असं तिने ठरवलं होतं. आणि भावाचं लक्ष एव्हाना गाण्यावरून उडालं होतं.

विल्यमला दुर्बिणींचं वेड लागलं होतं. विकतच्या मोठ्या दुर्बिणी परवडेनात, म्हणून त्याने आरसे घरीच घासायला घेतले. त्या काळचे आरसे काचेचे नसत, तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ते ओतायचे, मग तासन्‌तास घासून नेमका वक्राकार आणायचा. घासणं मध्येच थांबवलं तर आकार बिघडे. एकदा त्याने सोळा तास आरशावरून हात उचलला नाही, आणि कॅरोलाइन त्याला घास भरवत राहिली. १७८१ साली मोठा आरसा ओतायचं ठरलं. त्याचा साचा घोड्याच्या लिदीचा. ती कुटून चाळायचं काम तिच्याकडे होतं. ओतताना वितळलेला धातू गळून फरसबंदीवर सांडला, दगड तडकून उडायला लागले आणि सगळे जीव घेऊन पळाले. सगळे म्हणजे विल्यम, अलेक्झांडर आणि ओतारी. अलेक्झांडर उत्तम चेलोवादक होताच, पण हाताने कुशल यंत्रकारही होता. दुर्बिणींचे बारीक भाग त्याच्या हातचे.

त्याच वर्षी, १३ मार्च १७८१च्या रात्री, बाथमधल्या १९, न्यू किंग स्ट्रीट या घरामागच्या बागेतून विल्यमला एक ठिपका दिसला. तारा असता तर तो दुर्बिणीची ताकद वाढवल्यावर मोठा दिसला नसता. हा दिसला. त्याला धूमकेतू वाटला. पण त्याची कक्षा मांडल्यावर युरोपातल्या गणितज्ञांना कळलं, की हा शनीच्याही पलीकडचा नवा ग्रह आहे. माणसाला आठवतं तेव्हापासून डोळ्यांना दिसणारे ग्रह पाचच होते. त्यात भर घालणारा हा बाथचा वाद्यशिक्षक कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं आडनावही धड कुणाला लिहिता येत नव्हतं. बर्लिनचा खगोलशास्त्रज्ञ बोडे याने नंतर त्या वर्षी छापलेल्या आणि पत्रांतून आलेल्या रूपांची यादीच दिली: मर्स्थेल, हर्थेल, हर्मस्टेल. आपल्या आडनावाचं दर फोनवर नवं रूप ऐकणाऱ्यांनी ही यादी लक्षात ठेवावी.

मग ग्रहाच्या नावाचा वाद झाला. विल्यमने स्वतः तिसऱ्या जॉर्ज राजावरून 'जॉर्जियम सायडस', म्हणजे जॉर्जचा तारा, असं सुचवलं. राजाने १७८२ साली वर्षाला २०० पौंड वेतन देऊन त्याला वाद्यशिकवणीतून मोकळं केलं. फ्रान्समध्ये इंग्लंडच्या राजाचं नाव कोण घेणार? तिथल्या लालांदने शोधकाचंच आडनाव द्यावं असं सुचवलं. बोडेने 'युरेनस' पुढे केलं. तिन्ही नावं कितीतरी वर्षं एकाच वेळी चालत होती. ब्रिटिश नाविक पंचांगाने जॉर्जचं नाव सोडलं ते १८५० साली. हर्शल हे नाव इंग्रजी ज्योतिषाच्या पुस्तकांत त्यानंतरही रेंगाळलं, आणि आपल्या पत्रिकांत आजही आहे. युरेनसच्या एका चिन्हात जो इंग्रजी एच दिसतो, तो याच आडनावाचा.

चंद्रावरचं आडनाव मात्र वादाविना बसलं. विल्यमने चंद्रही पुष्कळ पाहिला होता. १७८० साली त्याने चंद्रावरच्या डोंगरांच्या उंचीवर निबंध लिहिला. खाजगी नोंदींत तो याहून पुढे गेला होता. चंद्रावर वनराई असावी, गोल विवरं ही वस्त्या असाव्यात, असं त्याला मनापासून वाटे. १७८७ साली चंद्राच्या अंधाऱ्या भागात तीन जागृत ज्वालामुखी दिसल्याचं त्याने जाहीर केलं. ते पृथ्वीच्या परावर्तित उजेडात चमकणारे चंद्रावरचे मुळातच उजळ भाग असणार, असं आज मानतात. थोर निरीक्षकाच्या नजरेलाही इच्छेचा रंग चढतो, हे यातून दिसतं. आणि ज्या खळग्यांत तो माणसं शोधत होता, त्यांतल्याच एकाला त्याचं नाव मिळालं.

राजाश्रय मिळाल्यावर भावंडं विंडसरजवळ डॅचेटला आली, आणि १७८६ साली स्लाउ गावी. कॅरोलाइनचं गाणं संपलं. रात्रीची कामाची पद्धत अशी होती: विल्यम वीस फुटी दुर्बिणीच्या शिडीवर उभा, आणि ती खिडकीशी दिवा, घड्याळ आणि वही घेऊन बसलेली. तो जे दिसेल ते ओरडून सांगे, ती वेळ आणि जागा टिपून घेई. तो डोळ्यांना अंधाराची सवय मोडू नये म्हणून दिव्याकडे येत नसे, त्यामुळे लिहिणारं दुसरं माणूस हवंच होतं. दिवसा ती सगळी आकडेमोड करून त्या नोंदींची यादी तयार करी. पाढे तिला कधीच पाठ झाले नाहीत. कागदावर लिहून ती ते जवळ बाळगी. १७८३च्या शेवटच्या रात्री बर्फात धावताना दुर्बिणीच्या लोखंडी आकड्यात तिचा पाय अडकला आणि मांसाचा लचका निघाला. त्या जखमेवर तिने स्वतःच उपचार केले आणि नोंदी चालू ठेवल्या. अशा रात्रींतून विल्यमच्या नावावर अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ जमा झाले.

भाऊ गावात नसला की तिला स्वतःसाठी आकाश पाहता येई. १ ऑगस्ट १७८६ रोजी विल्यम राजाची दुर्बीण पोचवायला जर्मनीत ग्यटिंगेनला गेला होता. त्या रात्री तिने आपला पहिला धूमकेतू शोधला. १७९७पर्यंत असे आठ. शेवटच्याची बातमी द्यायला ती तासभर झोपून घोड्यावर बसली आणि स्लाउहून ग्रीनिचच्या राजज्योतिषाकडे गेली. तिच्या कामाची दखल राजाने १७८७ साली घेतली. भावाची सहायक म्हणून वर्षाला ५० पौंड. ब्रिटनमध्ये विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळालेली ती पहिली स्त्री मानली जाते. तिला स्वतःला त्या पैशाची वेगळी किंमत होती: आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा हाती आला, असं तिने लिहिलं. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी, मे १७८८मध्ये, विल्यमने मेरी पिट या सधन विधवेशी लग्न केलं. सोळा वर्षं घर चालवणाऱ्या बहिणीने किल्ल्या भावजयीच्या हाती दिल्या आणि ती भाड्याच्या खोलीत राहायला गेली. काम करायला ती रोज यायची. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या तिच्या रोजनिश्या आज नाहीत, कारण तिनेच त्या फाडून टाकल्या. भावजयीशी तिचं पुढे चांगलं जमलं, आणि रागात लिहिलेलं मागे राहू नये असं तिला वाटलं असावं. याच दहा वर्षांत तिने फ्लॅमस्टीडच्या ताऱ्यांच्या यादीची सूची केली, त्यातल्या चुका दुरुस्त केल्या आणि राहून गेलेले ५६० तारे जोडले. रॉयल सोसायटीने ते पुस्तक १७९८ साली छापलं. रोजनिश्या गेल्या, पण त्याच काळातलं हे पुस्तक राहिलं, आणि त्यावर तिचं नाव होतं.

विल्यम २५ ऑगस्ट १८२२ रोजी गेला. कॅरोलाइन बहात्तर वर्षांची होती. इंग्लंडमध्ये आता आपलं काय आहे, या विचारात दोन महिन्यांच्या आत तिने सामान बांधलं आणि पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या हॅनोव्हरला ती परतली. तिथे पोचल्यावर लगेच तिला कळलं, की हे ते गाव नाही. तिच्या पिढीचं फार कुणी उरलं नव्हतं. राहिलेल्या नातेवाइकांशी सूर जुळेना. ज्या विषयांवर तिला बोलायचं होतं, त्यात त्यांना रस नव्हता. परतल्याचा तिला पश्चात्ताप झाला, पण ती पुन्हा गेली नाही. पंचवीस वर्षं तिथेच राहिली.

आणि तिथे बसून तिने आपलं सगळ्यात मोठं काम केलं. भाचा जॉन वडिलांचे अडीच हजार तेजोमेघ पुन्हा तपासणार होता. वडिलांची यादी शोधाच्या क्रमाने आणि वर्गवारीने होती. दुर्बीण हाताशी घेऊन ती उपयोगाची नव्हती. पंच्याहत्तरीच्या घरातल्या आत्याने ती सगळी यादी आकाशातल्या पट्ट्यांनुसार नव्याने मांडली, म्हणजे दुर्बीण एका उंचीवर ठेवली की एकामागून एक काय काय समोरून जाईल, ते क्रमाने वाचता यावं. जॉनचं काम त्यावर उभं राहिलं. त्यासाठी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८२८ साली तिला सुवर्णपदक दिलं. ते पदक पुन्हा एखाद्या स्त्रीला मिळालं १९९६ साली, अमेरिकेच्या व्हेरा रुबिन यांना. मध्ये १६८ वर्षं गेली.

९ जानेवारी १८४८ रोजी, अठ्ठ्याण्णवावं वर्ष चालू असताना, ती वारली. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत भावाच्या केसांची बट आणि वडिलांनी वापरलेलं एक जुनं पंचांग ठेवलं होतं.

जॉन हा जन्माने आणि भाषेने इंग्रजच होता. स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीचा, केंब्रिजचा, पुढे सर. १८३४ ते १८३८ त्याने दक्षिण आफ्रिकेत केपजवळ राहून दक्षिण गोलार्धाचं आकाश पाहिलं. तो तिकडे असताना, ऑगस्ट १८३५मध्ये, न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राने त्याच्या नावावर एक मालिका छापली. त्याला म्हणे चंद्रावर जंगलं, प्राणी आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. सगळं बनावट. पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. बापाला मनोमन जे वाटत होतं, तेच मुलाच्या नावावर थापांमध्ये विकलं गेलं. आडनाव एवढं मोठं झालं होतं, की त्याच्याखाली काहीही खपत होतं. अर्धशतकापूर्वी तेच आडनाव कुणाला लिहिता येत नव्हतं.

या आडनावाची तिसरी पिढी हिंदुस्थानात आली. जॉनचा थोरला मुलगा विल्यम जेम्स बंगालात मुलकी अधिकारी होता. १८५८ साली जंगीपूरला एका करारावर त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला, म्हणजे पुढे त्याने सही नाकारू नये. बोटांच्या ठशांचा सरकारी कामात वापर करण्याचा इतिहास इथून सांगितला जातो. त्याचा भाऊ लेफ्टनंट जॉन हर्शल हा हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात होता. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी रॉयल सोसायटीचा वर्णपटदर्शक घेऊन तो पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात आला. ऐन ग्रहणात ढग आले. पण मधल्या फटीत त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमच्या ओळखीच्या जागची मानली. ती हेलियमची होती, हे पुढच्या काळात कळलं. जमखंडीच्या लोकांना त्या दिवशी आलेल्या साहेबाचं आडनाव आणि पत्रिकेतला ग्रह यांचा संबंध कुणी सांगितला असेल का, असा विचार मनात येतो.

चंद्राच्या नावांकडे परत येऊ. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक नकाशाकाराने आपापली नावं दिली होती, आणि पुष्कळ गोंधळ झाला होता. तो निस्तरला मेरी ब्लॅग या इंग्रज स्त्रीने. तिने सगळ्या नकाशांतली नावं समोरासमोर ठेवून १९१३ साली यादी केली. पुढे कार्ल म्युलरबरोबर केलेली तिची अधिकृत नामावली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने १९३५ साली प्रसिद्ध केली. हर्शल, जे. हर्शल आणि सी. हर्शल ही तिन्ही नावं त्यात आहेत. कॅरोलाइनने केलं तसलंच हे काम: दुसऱ्यांच्या नोंदी घ्यायच्या, तपासायच्या, क्रम लावायचा, म्हणजे पुढच्याला चुकायला नको. ब्लॅगच्या नावाचंही एक चिमुकलं विवर चंद्राच्या मध्यभागी आहे.

तीन विवरांकडे पाहून कुणी म्हणेल, भावाला मधली जागा, भाच्याला सगळ्यात मोठं विवर, आणि तिला १३ किलोमीटरचं. तक्रार खोटी नाही. चंद्रावर स्त्रियांच्या नावाची विवरं आजही मोजकीच आहेत. पण आकारावरून मान ठरवायचा तर जॉनचं विवर वडिलांच्या चौपट रुंद आहे, आणि तसा अर्थ कुणी काढत नाही. मला अडतं ते दुसरंच. विनाआद्याक्षराचं 'हर्शल' हे एकाचं मानलं गेलं, आणि बाकीच्यांना खुणेची अक्षरं लावली. खरं तर ज्या कामासाठी ते नाव मोठं झालं, ते कधीच एकट्याचं नव्हतं. साच्याची लीद कुटणारी, रात्रभर नोंदी घेणारी, यादी पुन्हा पुन्हा मांडणारी ती होती. यंत्राचे भाग घडवणाऱ्या अलेक्झांडरला तर अक्षरसुद्धा मिळालं नाही. चंद्रावर अलेक्झांडर नावाचं विवर आहे, पण ते मॅसिडोनियाच्या सिकंदराचं. कॅसिनी किंवा स्ट्रूव्हसारखं हे विवर सगळ्या हर्शलांचं ठरवलं असतं, तर ते जास्त खरं झालं असतं. मात्र तसं झालं असतं, तर नकाशावर 'सी. हर्शल' कुठेच दिसली नसती आणि ही सी कोण, असं विचारायची वेळही आली नसती. एका लघुग्रहाला मात्र तिच्या मधल्या नावावरून 'लुक्रेशिया' म्हणतात. तिथे आडनावाची गरजच पडली नाही.

लहान दुर्बीण असेल तर ही तिन्ही विवरं घराच्या अंगणातून दिसू शकतात. शुद्ध अष्टमी-नवमीला चंद्राच्या मध्यावर सावलीच्या रेषेजवळ विल्यमचं विवर ठळक दिसतं. दशमी-एकादशीला वर्षासागराच्या पश्चिम भागात सूर्य उगवतो, तेव्हा सपाट मैदानात एक लहान, स्वच्छ कडांचं वर्तुळ शोधायचं. ती कॅरोलाइन. त्याच रात्री उत्तर टोकाकडे जॉनचं पसरट विवरही सापडेल. शेजारी मुलं उभी असतील तर पत्रिकेतला हर्शल कोण, हे त्यांना सांगायला ही वेळ बरी आहे. सांगताना मात्र लहान वर्तुळापासून सुरुवात करावी.